ब्रेकेट्स: ब्रेकच्या कारखान्यातून उभा राहिलेला संघ

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, कनेक्टिकट राज्यात स्ट्रॅटफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या रेबेस्टॉस कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे लायनर बनायचे. 1947 साली याच कंपनीच्या पाठबळावर बायकांचा सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखाच खेळ) संघ उभा राहिला आणि त्याला नाव मिळालं ब्रेकेट्स. मुंबईत कंपन्यांचे कबड्डी संघ जसे नावारूपाला आले, तसाच हा संघ. काहीजणी कारखान्यातच कामाला होत्या, कुणी शाळेत शिकवायची, कुणी अजून शिकत होती. खेळण्याचा पगार मात्र कुणालाच नव्हता.

पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद यायला 1958 उजाडलं. त्याच्या दोन वर्षं आधी कॅलिफोर्नियाहून बर्था टिकी ही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी खेळाडू, संघात आली होती. 1968 मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा तिच्या नावावर 757 विजय होते. त्यातल्या 162 सामन्यांत समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मिळाला नव्हता.

तिच्यासोबत वाढली कनेक्टिकटमधल्याच वॉटरबरी शहराची जोन जॉईस. सॉफ्टबॉलमध्ये पिचर बॅटरपासून जेमतेम 40 फुटांवर असते. बेसबॉलमध्ये हे अंतर साठ फुटांहून जास्त. चेंडू खालून टाकायचा, हात कमरेजवळून पुढे आणायचा. जॉईस हात मागे वर नेई, क्षणभर तिथेच ठेवी आणि गोफणीसारखा झटक्यात खाली आणी. तिचा चेंडू बॅटजवळ येता येता हवेतच वर चढल्यासारखा वाटायचा. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला वॉटरबरीत हजारो प्रेक्षकांसमोर तिने टेड विल्यम्सला गोलंदाजी केली. बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वोत्तम फलंदाजांपैकी हा एक. त्याला धड एक फटका मारता आला नाही आणि शेवटी तो बॅट टाकून निघून गेला.

ब्रेकेट्सची गोष्ट बहुतेकजण इथेच संपवतात. या संघावर तो अन्याय आहे. एका पुरुषाला बाद केलं म्हणून या बायका मोठ्या ठरल्या नाहीत.

1965 साली मेलबर्नला महिला सॉफ्टबॉलची पहिली जागतिक स्पर्धा झाली. अमेरिकेतर्फे ब्रेकेट्सच गेल्या. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने त्यांना 1-0 असं हरवलं. फक्त एका धावेने! त्या काळात डॉना लोपियानो नावाची मुलगी संघात होती. ती अकरा वर्षांची असताना लिटल लीग या लहान मुलांच्या बेसबॉल संघटनेने तिला खेळू दिलं नव्हतं, कारण नियमात मुलींना जागाच नव्हती. सोळाव्या वर्षी तिला ब्रेकेट्सने मैदान दिलं. पुढे टेक्सास विद्यापीठात महिलांच्या क्रीडा विभागाची सूत्रं तिने 1975 पासून सतरा वर्षं सांभाळली आणि मुलींना खेळात समान हक्क मिळावा म्हणून ती आयुष्यभर झगडली.

1974 मध्ये जागतिक स्पर्धा थेट स्ट्रॅटफर्डलाच आली. या वेळी जग जिंकलं ते घरच्या मैदानावर, घरच्या माणसांसमोर.

मग 1976 आलं. माझ्या मते संघाची खरी कसोटी त्या हंगामात लागली. जॉईसने टेनिसपटू बिली जीन किंग आणि इतरांसोबत महिलांची व्यावसायिक सॉफ्टबॉल लीग सुरू केली. ब्रेकेट्समधल्या खेळाडू तिच्यासोबत नव्या संघात गेल्या. खेळाचे पैसे मिळणार होते. त्यांनी का जाऊ नये? पण मागे राहिलेल्या संघाचं आता कठीण आहे, असंच कुणालाही वाटलं असतं. त्या वर्षी बार्बरा राइनाल्डा पिचिंगला उभी राहिली आणि ब्रेकेट्स पुन्हा राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. 1977 मध्येही. 1978 मध्येही. 1971 पासून सलग आठ अजिंक्यपदं! व्यावसायिक लीग मात्र चार हंगामांत बंद पडली.

या वैभवाखालची जमीन मात्र विषारी होती. ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस हे घातक खनिज वापरलं जायचं. कारखान्याचा कचरा गावात भराव म्हणून ठिकठिकाणी टाकला गेला. त्यात शिसंही होतं. संघाचं जुनं मैदानही अशाच कचऱ्यावर होतं. 1980च्या दशकाच्या अखेरीस ब्रेकेट्स गावातल्याच दुसऱ्या मैदानावर गेल्या. जिथे या बायकांनी इतकं कमावलं, ती जागा पुढे गावभरचा विषारी कचरा एकत्र गाडण्यासाठी निवडली गेली. ते वाचताना राग येतो. गावकऱ्यांच्या परसात, मुलांच्या खेळायच्या जागेत हा भराव पडला होता.

कंपनी गेली, संघ राहिला. 1996 मध्ये सॉफ्टबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा अमेरिकेच्या संघात डॉट रिचर्डसन आणि लिसा फर्नांडिस या ब्रेकेट्समधून खेळलेल्या खेळाडू होत्या. चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यात रिचर्डसनच्या होमरनने (एकाच फटक्यात सगळे बेस पार करून देणारा फटका) दोन धावा मिळाल्या आणि सामना 3-1 असा जिंकला. रिचर्डसन तेव्हा हाडांची डॉक्टर होण्याचं प्रशिक्षण घेत होती. ऑलिंपिकसाठी तिने रजा काढली होती. सुवर्णपदक घेऊन ती थेट रुग्णालयात परत रुजू झाली.