घोडं अडलं इंजिनापाशी

(दृश्य: झुहाई विमानतळ, दक्षिण चीन. नोव्हेंबर २०२४.)

मकावला लागूनच झुहाई नावाचं शहर आहे. दर दोन वर्षांनी इथे विमानांची जत्रा भरते. २०२४ च्या जत्रेला रशियाहून एक खास पाहुणा आला होता: सुखोई-५७, रशियाचं सर्वांत नवं स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारं लढाऊ विमान. चिनी प्रेक्षक मोबाईल घेऊन त्याच्या जवळ गेले आणि त्यांनी कॅमेरे रोखले ते विमानाच्या अंगावरच्या स्क्रूंवर. डोकी वर आलेले स्क्रू, पत्र्यांच्या जोडांमधल्या फटी. संध्याकाळपर्यंत हे फोटो चिनी समाजमाध्यमांवर फिरत होते आणि खाली यथेच्छ टिंगल चालली होती. टिंगलीला कारणही होतं. स्टेल्थ विमानाचं अंग गुळगुळीत हवं. प्रत्येक फट, प्रत्येक उंचवटा रडारला थोडा थोडा पत्ता सांगतो.

मग वैमानिक सर्गेई बोग्दान यांनी तेच विमान आकाशात नेलं. ते नाक वर करून हवेत जवळजवळ थांबलं, पिंपळपानासारखं गिरक्या घेत खाली आलं आणि पुन्हा सरळ वर चढलं. सकाळी स्क्रू टिपणारे मोबाईल आता आकाशाकडे वळले होते.

कातडी एकाची गुळगुळीत, काळीज दुसऱ्याचं दणकट. चीन आणि रशियाच्या लढाऊ विमानांची गेल्या पस्तीस वर्षांची गोष्ट या दोन प्रसंगांच्या मध्ये कुठेतरी आहे. विमानाचं काळीज म्हणजे त्याचं इंजिन. आपण त्याचाच माग काढणार आहोत.

(दृश्य: जुनी चित्रफीत. १९८९.)

१९८९ साली बीजिंगच्या तिआनआनमेन चौकातलं आंदोलन लष्कराने चिरडलं, त्यानंतर अमेरिका आणि युरोपने चीनला शस्त्रं विकणं बंद केलं. चीनचं जे-८ हे लढाऊ विमान सुधारून द्यायला एक अमेरिकन कंपनी तयार झाली होती, तेही काम बारगळलं. दुसरीकडे सोव्हिएत संघाची तिजोरी रिकामी होत चालली होती. एकाला विमानं हवी होती, दुसऱ्याला पैसे. सौदा जुळायला वेळ लागला नाही. सुखोई-२७ विकत घेणारा पहिला परदेशी गिऱ्हाईक चीन ठरला. किमतीचा काही भाग डॉलरमध्ये मिळाला आणि उरलेल्याच्या बदल्यात चीनने चक्क माल पाठवला. जगातल्या उत्तम लढाऊ विमानांपैकी एक, आणि बदल्यात वाणसामान! १९९२ मध्ये पहिली विमानं आन्हुई प्रांतातल्या वुहू तळावर उतरली.

चार वर्षांनी पुढचं पाऊल पडलं. शनयांगच्या कारखान्यात २०० सुखोई जोडायचा परवाना चीनने घेतला. सुटे भाग येणार होते रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कोम्सोमोल्स्क शहरातून. या विमानाला चिनी नाव मिळालं जे-११. या करारात एक अट होती आणि सगळी मेख तिच्यातच होती. सांगाडा शनयांगमध्ये जोडा, पण एएल-३१ इंजिन मात्र रशियातूनच तयार येणार. ते बनवण्याची विद्या मिळणार नाही.

साधारण शंभर विमानं जोडून झाल्यावर चीनने उरलेले संच घ्यायचं थांबवलं. ही विमानं जुनी झाली, आता आमच्या गरजा वेगळ्या आहेत, असं कारण पुढे आलं. थोड्याच काळात त्याच कारखान्यातून जे-११बी बाहेर पडलं. बाहेरून हुबेहूब सुखोई, आत चिनी रडार, चिनी उपकरणं, चिनी क्षेपणास्त्रं. रशियाने कपाळाला हात लावला. पुढे २०१९ मध्ये रोस्टेक या रशियन सरकारी महामंडळाच्या अधिकाऱ्याने जाहीरपणे तक्रार केली, की १७ वर्षांत परदेशांत आमच्या सामग्रीची विनापरवाना नक्कल झाल्याची ५०० प्रकरणं आहेत.

नक्कल करणं म्हणजे सोपं काम, असं समजू नका. नकलेलाही अक्कल लागते. पत्रा मोजता येतो, नळ्या मोजता येतात, पंखाचा बाक कागदावर उतरवता येतो. घोडं अडलं ते इंजिनापाशी.

(दृश्य: टर्बाइनची एक पाती, तळहातावर.)

ही पाती पाहा. तळहातात मावेल एवढी. जेट इंजिनात इंधन जळतं त्याच्या लगेच मागे अशा पात्यांचं एक चक्र फिरत असतं, मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे. तिच्यावर आदळणारा वायू एएल-३१ मध्ये साधारण १,४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. आणि ज्या निकेलच्या मिश्रधातूची ही पाती बनते, तो त्याच्या आधीच वितळायला लागतो. म्हणजे ही पाती स्वतःच्या वितळणबिंदूपेक्षा गरम वाऱ्यात उभी असते, आणि फिरण्याच्या वेगामुळे टनावारी ताणही सोसत असते.

मग ती टिकते कशी? एक युक्ती डोळ्यांना दिसते. पाती आतून पोकळ आहे, तिच्या अंगावर केसाएवढी छिद्रं आहेत. त्यांतून तुलनेने थंड हवा बाहेर येते आणि पातीभोवती पातळ पांघरुणासारखी पसरते. दुसरी युक्ती मात्र दिसत नाही. साधा धातू साच्यात थिजतो तेव्हा त्यात असंख्य बारीक स्फटिक एकमेकांना खेटून तयार होतात. या स्फटिकांमधले सांधे हीच दुबळी जागा. तापलेल्या पातीवर ताण आला की ती तिथून हळूहळू लांबते, मग तडकते. त्यामुळे सांधेच ठेवायचे नाहीत. संपूर्ण पाती एकाच स्फटिकाची घडवायची.

खडीसाखर कशी करतात, आठवा. पाक घाईने आटवला तर भुरभुरीत साखर हाती येते. संथ निवू दिला तर दोऱ्यावर मोठे खडे धरतात. तोच न्याय इथे. साच्याच्या तळाशी डुकराच्या शेपटीसारखी वळणं घेतलेली एक बारीक नळी असते. खालून अनेक स्फटिक वर चढायला लागतात, पण त्या वळणांतून एकच पार होतो. मग साचा भट्टीतून अतिशय सावकाश खाली ओढतात आणि तो एकटा स्फटिक वर वाढत वाढत पाती भरून टाकतो. भट्टीचं तापमान जरा हललं, ओढण्याचा वेग जरा चुकला, की पाती भंगारात.

आता ही तयार पाती तुमच्या हातात दिली, कापून पाहिली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तरी काय कळेल? मिश्रधातूत काय काय आहे ते कळेल. भट्टी किती वेगाने थंड केली, शंभरातल्या किती पात्या फेकून द्याव्या लागल्या, ते ती पाती सांगत नाही. भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्याच्या हाताला ते माहीत असतं.

म्हणूनच डब्ल्यूएस-१० या चिनी इंजिनाला इतकी वर्षं लागली. त्याचं नाव ताईहांग, उत्तर चीनमधल्या एका डोंगररांगेवरून ठेवलेलं. काम सुरू झालं १९८० च्या दशकात. सुरुवातीची इंजिनं इतकी बेभरवशाची निघाली, की एकच इंजिन असलेल्या जे-१० विमानात ती बसवायला कुणी धजेना. दोन इंजिनांच्या विमानात एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं. जे-१० मध्ये ती सोय नाही. तिथे वर्षानुवर्षं रशियन इंजिनच राहिलं.

(दृश्य: लियाओनिंग विमानवाहू नौका, नोव्हेंबर २०१२.)

या धडपडीतला एक माणूस लक्षात राहतो. लुओ यांग. शनयांग विमान कारखान्याचे प्रमुख. चीनची पहिली विमानवाहू नौका लियाओनिंग ही मूळची सोव्हिएत, युक्रेनमध्ये अर्धवट पडून असलेली. समुद्रावर तरंगता जुगारखाना काढतो, असं सांगून एका व्यावसायिकाने ती घेतली होती. तिच्यावर उतरणारं जे-१५ विमानही सुखोईच्याच घराण्यातलं. त्याचा मूळ नमुना युक्रेनकडून मिळवलेला. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये जे-१५ पहिल्यांदा त्या डेकवर उतरलं आणि झेपावलं. लुओ यांग नौकेवरच होते. २५ नोव्हेंबरला चाचण्या संपवून किनाऱ्यावर परतले आणि त्याच दिवशी हृदयविकाराने गेले. वय ५१. चीनला आपण नक्कलखोर म्हणून मोकळे होतो, पण नकलेच्या मागेही रात्रीचे दिवस करणारी माणसं असतात.

२०१६ साली बीजिंगने इंजिनांचे सगळे कारखाने आणि संशोधनसंस्था एका छत्राखाली आणून नवं महामंडळ काढलं. भांडवल ५,००० कोटी युआन, माणसं ९० हजारांच्या वर. आधी इंजिन म्हणजे विमान बनवणाऱ्यांच्या घरातलं सावत्र मूल होतं. आता त्याला स्वतःचं घर मिळालं. २०१८ च्या झुहाई जत्रेत ताईहांग बसवलेल्या जे-१० ने कसरती करून दाखवल्या. २०२१ मध्ये जे-२० हे स्टेल्थ विमान देशी इंजिनावर लोकांसमोर उडालं. हेच जे-२० जानेवारी २०११ मध्ये पहिल्यांदा उडालं, तेव्हा अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स बीजिंगमध्येच होते. मुहूर्त म्हणावा तर असा! पण त्यानंतरही काही वर्षं त्याच्या पोटात रशियन इंजिनच धडधडत होतं.

रशियाचं काय झालं? इंजिनात आणि हवेतल्या चपळाईत तो अजून तगडा आहे. त्याचं आर-३७एम क्षेपणास्त्र ३०० किलोमीटरच्या पलीकडे जातं आणि युक्रेनच्या वैमानिकांना त्याची धास्ती आहे. गाडी अडते ती इलेक्ट्रॉनिक्सवर आणि संख्येवर. चीनच्या जे-१०सी, जे-१६, जे-२० या सगळ्यांवर एसा जातीचं, म्हणजे शेकडो छोटे प्रक्षेपक एकत्र काम करणारं आधुनिक रडार आहे. रशियाचं सुखोई-३५ अजून आधीच्या पिढीचं रडार घेऊन उडतं. सुखोई-५७ चं पहिलं उड्डाण २०१० चं, जे-२० च्याही आधीचं. तरी २०१९ मध्ये ७६ विमानांची मागणी नोंदवली गेली आणि पुरवठा ठिबक सिंचनासारखा चालू आहे. जे-२० दोनशेच्या पुढे गेली. २०१५ मध्ये चीनने २४ सुखोई-३५ घेतली, ती बहुतेक शेवटची मोठी खरेदी. आता घेण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

१ जून २०२५ रोजी युक्रेनने ट्रकमध्ये लपवून नेलेले ड्रोन सोडून रशियाच्या तळांवरची तुपोलेव-९५ बॉम्बफेकी विमानं जाळली. ती बनवणं ९० च्या दशकातच थांबलंय. जे गेलं ते भरून निघणार नाही.

आपल्याला हे सगळं लांबचं वाटायचं कारण नाही. पाकिस्तानच्या जेएफ-१७ विमानाचा सांगाडा चिनी आराखड्याचा आणि इंजिन रशियन आहे. २०२२ पासून त्यांच्याकडे जे-१०सी आहे आणि सोबत पीएल-१५ क्षेपणास्त्र. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षात हे क्षेपणास्त्र वापरलं गेलं. त्याचे पंजाबमध्ये सापडलेले अवशेष भारतीय हवाई दलाने १२ मे रोजी पत्रकारांना दाखवले.

(दृश्य: ओझर, नाशिक. द्राक्षबागांवरून जाणारं सुखोई.)

आणि हा आवाज नाशिककरांच्या कानांना सवयीचा. सुखोई-३० एमकेआय २००२ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर दाखल झालं आणि मग ओझरच्या एचएएल कारखान्यात बनू लागलं. म्हणजे जे-११ चा सख्खा चुलतभाऊ. भारताने परवाना मोडला नाही. शिवाय आपल्या करारात चीनला न मिळालेली गोष्ट होती: एएल-३१एफपी इंजिन ओडिशातल्या कोरापूटला बनवण्याची परवानगी. सप्टेंबर २०२४ मध्ये अशा आणखी २४० इंजिनांचा २६,००० कोटी रुपयांचा करार झाला.

मात्र परवान्यावर बनवणं वेगळं आणि कोऱ्या कागदापासून उभं करणं वेगळं. आपल्या कावेरी इंजिनाचं काम १९८९ मध्ये मंजूर झालं, म्हणजे ताईहांगच्याच पिढीचं. ते बनत होतं तेजस या देशी लढाऊ विमानासाठी, पण २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं करावं लागलं. ताईहांगला पैसा आणि अपयश पचवायची मुभा दोन्ही मिळाली. कावेरीच्या वाट्याला दोन्ही तुटपुंजंच आलं, असं माझं मत आहे.

२६ डिसेंबर २०२४ ला चंगडूच्या आकाशात लोकांना एक शेपूट नसलेलं, भलंमोठं विमान दिसलं. चीनने त्याचं नावही सांगितलेलं नाही. जग त्याला जे-३६ म्हणतं. फोटो मोठे करून पाहिले तर मागे तीन झोत दिसतात. लढाऊ विमानाला तीन इंजिनं सहसा कुणी लावत नाही. माझा अंदाज असा, की हवी तेवढी ताकद अजून दोन इंजिनांत मिळत नसावी.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या धावपट्टीवरून तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. त्याच्या पोटात अमेरिकन एफ-४०४ इंजिन होतं.