आधी पंखा, मग फोटो

नमस्कार श्रोतेहो. फर्स्ट शिफ्टला निघालेल्यांना आणि रात्रपाळी संपवून नुकतेच घरी टेकलेल्यांनाही.

भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी बरीच वर्षं पर्सोनेल खात्यात होतो. दर महिन्याला आम्ही 'उत्कृष्ट कामगार' निवडायचो, गेटजवळ त्याचा फोटो लावायचो. एकदा अशाच एकाचं अभिनंदन करायला लाइनवर गेलो, तर तो म्हणाला, "साहेब, फोटो राहू द्या. तेवढा पंखा बघा. दोन उन्हाळे बंद आहे."

कामगार समाधानी राहावा म्हणून काय आधी करायचं आणि काय नंतर, याचं उत्तर मला त्या पंख्याखाली मिळालं.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली मांडलं, की पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा यांत खोट असली की माणूस नाराज होतो. ती काढली की नाराजी जाते, पण समाधान येतंच असं नाही. ते येतं कामातून, जबाबदारीतून, कौतुकातून. त्यानं बोलतं केलं होतं इंजिनिअर आणि हिशेबनीसांना, पाळीभर उभ्या राहणाऱ्या वेल्डरला नव्हे, हे मात्र मी विसरत नाही. उभ्या माणसाचा विचार आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्यानं केला: मधे उसंत मिळाली तर टेकायला सोय हवी, असं त्याचं ४४वं कलम सांगायचं; २०२५मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेनं घेतली. किती लाइनींवर स्टूल दिसतं? उलट बसलेला दिसला की सुपरवायझरच्या कपाळाला आठी.

म्हणून माझा क्रम असा. स्टूल, पंखा, पाणी, संडास पहिले. त्याला हेड ऑफिसची मंजुरी लागत नाही. मग पाळीचं वेळापत्रक. रविवारी संध्याकाळी फोन करून "उद्या सेकंडला या" म्हटलं, की त्या घरातलं लग्न, दवाखाना, मुलांची शाळा सगळं कोलमडतं. कंत्राटी पोरांना कॅन्टीनमध्ये वेगळी रांग असेल, तर ती त्याच दिवशी मोडा. त्यानंतर कामगारांच्या सूचना. पेटी नुसती टांगू नका. सूचना नाकारली तरी का नाकारली, ते लिहिणाऱ्याला तोंडावर सांगा. आमच्या पेटीची किल्लीच हरवली होती! फोटो, ट्रॉफी, स्नेहसंमेलन यांचा नंबर यानंतरचा.

आणि तो पंखा? त्याचा कंडेन्सर गेला होता. मेंटेनन्सच्या पोरानं जेवणाच्या सुट्टीत बदलला.