मचाणावरची निवड

मित्रहो, धनुष्यबाणाने हरणाची शिकार शिकायची म्हटली की पहिले प्रश्न धनुष्याचेच येतात. ताण किती पौंडांचा असावा, बाण कोणते घ्यावेत, पाती कशी असावीत. त्यांची उत्तरं चांगला दुकानदारही देईल. मला आज त्यापुढच्या प्रश्नावर बोलायचं आहे. मचाणाखाली चार हरणं येऊन उभी राहिली, त्यातलं कोणतं घ्यायचं? आणि त्यातलं एकही घ्यावं का?

मी बोलते आहे ती अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार बंद आहे आणि तिथली परिस्थिती पाहता ते योग्यच आहे. इथली गोष्ट वेगळी आहे. १९०० च्या सुमारास मांस आणि कातडीच्या बाजारासाठी इतकी बेसुमार शिकार झाली होती की सबंध देशात ही हरणं पाच लाखांच्या आत उरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. लांडगे आणि प्युमा बहुतेक राज्यांतून केव्हाच संपले, मक्या-सोयाबीनची शेतं आणि विरळ झाडी हरणांना मानवली, आणि मोठी हरणं मारणारा मुख्य प्राणी माणूसच उरला. त्यामुळे माणूस कळपातून कोणतं जनावर उचलतो याला महत्त्व आलं. लांडगा म्हातारं, आजारी, लहान असं हाताशी लागेल ते उचलतो. माणसाची नजर शिंगांवर जाते.

या नजरेला इतिहास आहे. हरणं संपत आली तेव्हा एकेका राज्याने माद्या मारण्यावर बंदी घातली. पेनसिल्व्हेनियात हा कायदा १९०७ साली आला. तो त्या वेळी अगदी बरोबर होता, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि कळप वाढायचा तर माद्या वाचायला हव्यात. पण दोन पिढ्या त्या शिकवणीवर वाढल्या. मादी मारणं हे पाप, हे मनात इतकं पक्कं बसलं की कळप फुगून जंगल खाऊ लागले तरी लोकांचा हात उचलेना. ॲरिझोनातल्या कैबाब पठारावर हिंस्र प्राणी मारून टाकले होते, हरणांची शिकारही बंद होती. १९२० च्या दशकात तिथे हरणांनी झाडंझुडपं ओरबाडून काढली आणि मग ती भुकेने मेली. त्या वेळी नेमकी किती हरणं होती यावर अभ्यासक आजही वाद घालतात, पण खाऊन उजाड झालेली झुडपं सगळ्यांनी पाहिली होती. आल्डो लिओपोल्ड या वनाधिकाऱ्याने, जो पुढे विस्कॉन्सिनला प्राध्यापक झाला आणि स्वतः धनुष्यबाणाने शिकार करायचा, त्यातून धडा घेतला. १९४३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये बिनशिंगी हरणांचा हंगाम उघडायला त्याने पाठिंबा दिला, आणि त्याबद्दल त्याच्यावर राज्यभर इतकी टीका झाली की त्या हंगामाला लोक ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ म्हणू लागले.

आजही पेनसिल्व्हेनियाच्या ॲलेघेनी भागातल्या काही जंगलांत गेलात तर खाली सगळीकडे नेचेच नेचे दिसतात. पाहायला सुंदर. पण नेचे का, तर हरणं ते खात नाहीत म्हणून. ओकची रोपं, हेमलॉकची रोपं, ट्रिलियमची फुलं, जे जे चविष्ट ते वर आलं की कुरतडलं जातं. वरची म्हातारी झाडं पडतील तेव्हा त्यांच्या जागी यायला खाली कोणी नाही. अशा जंगलात मचाणावर बसलेल्या माणसाने शिंगांचा नर मिळाला नाही म्हणून तीन माद्या सोडून रिकाम्या हाताने घरी जाणं मला संयम वाटत नाही. त्या जंगलात मादीच घ्यायला हवी होती. उलट मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पासारख्या भागात, जिथे बर्फ खोल पडतो आणि कडक हिवाळ्यानंतर हरणं विरळ होतात, तिथे मादी वाचवावी. म्हणून कोणतं हरीण घ्यायचं याचा निम्मा निर्णय हंगामाआधी, घरी बसूनच होतो. तुमच्या भागात बिनशिंगी हरणांचे टॅग, म्हणजे एकेका हरणाच्या शिकारीचे परवाने, किती दिले आहेत, का दिले आहेत, हे राज्याच्या वन्यजीव विभागाच्या अहवालात असतं. ते वाचा. जमीन दुसऱ्याची असेल तर मालकाला विचारा की त्याच्या शेताचं, त्याच्या रोपांचं काय चाललं आहे.

आता मचाणावर येऊ. मादी घ्यायची ठरलं, तरी समोर उभं आहे ते मादीच आहे का? पाडसं बहुतेक मे अखेर ते जूनमध्ये जन्मतात. ऑक्टोबरपर्यंत अंगावरचे ठिपके गेलेले असतात, दूध सुटलेलं असतं आणि आईशेजारी उभं असेपर्यंत पाडूस ओळखू येतं. एकटं असलं की फसगत होते. उघड्या शेतात तुलनेला काही नसलं की पाच-सहा महिन्यांचं पाडूस पूर्ण वाढलेल्या मादीएवढं दिसतं. आणि एकट्याने, बेधडक, वाऱ्याचा अंदाज न घेता पुढे येणारं पाडूस बरेचदा नर असतं. माद्या दोन-तीन जणींच्या मेळ्याने येतात, थांबतात, कान फिरवतात. म्हणून एकटं बिनशिंगी हरीण आलं की घाई करू नका. तोंड बघा: पाडसाचं तोंड आखूड, मादीचं लांबट आणि निमुळतं. अंग बघा: पाडसाचं चौकोनी, मादीचं लांब, पाठ आणि पोट खाली झुकलेलं. दुर्बीण असेल तर कपाळ बघा. नर पाडसाच्या कपाळावर शिंगं येणार तिथे दोन उंचवटे असतात आणि मधला भाग सपाट दिसतो. मादीचं डोकं कानांच्या मध्ये गोलसर असतं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दुसरं हरीण शेजारी येईपर्यंत थांबणं.

मादीबरोबर पाडूस असेल तर काय, हे मला नेहमी विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याच्या मनात त्याचं ओझं असतं हे मला कळतं. दहा आठवड्यांच्या सुमारास पाडूस दुधावाचून जगू शकतं. ऑक्टोबरात आई गेली तर ते मेळ्यातल्या इतर माद्यांबरोबर राहतं. जीवशास्त्राचं उत्तर एवढंच आहे. माझं स्वतःचं म्हणाल तर हंगामाच्या अगदी सुरुवातीला अंगावर ठिपके असलेलं पाडूस मागे दिसलं की मी त्या मादीवर धनुष्य ओढत नाही. हा नियम नाही, मला तसं करवत नाही. ज्याला करवतं त्याला मी चूक म्हणणार नाही.

नराची गोष्ट निराळी. इथे वय बघायचं, आणि ते शिंगांवरून कळत नाही. शिंगं दरवर्षी गळतात आणि वसंतात नव्याने फुटतात. ती किती मोठी होतील हे वय, त्या वर्षीचा चारा आणि वंश या तिन्हींवर अवलंबून असतं. दीड वर्षाचा नर म्हणजे मादीच्या अंगावर शिंगं बसवल्यासारखा: मान बारीक, कंबर सडपातळ, पाय अंगाच्या मानाने लांब. अडीचला अंग थोडं भरतं, पण पाय अजून लांबच वाटतात. साडेतीनला छाती खोल होते. नोव्हेंबरात, माजाच्या दिवसांत, मान फुगते, तरी मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते दिसतं. साडेचार-पाचच्या पुढे मान थेट छातीत मिसळते, पोट खाली येतं आणि पाय आखूड भासतात. हे सगळं मानेखाली आहे. म्हणून नर दिसला की आधी अंग बघा, शिंगं शेवटी.

कोवळे नर का सोडायचे? पूर्वी अनेक राज्यांत मारल्या जाणाऱ्या नरांत निम्म्याहून अधिक दीड वर्षाचे असत. म्हणजे नर प्रौढ व्हायच्या आत संपत. पेनसिल्व्हेनियाने २००२ पासून शिंगांना टोकं किती असावीत याचा नियम केला: सुरुवातीला राज्याच्या बहुतेक भागात एका बाजूला किमान ३, पश्चिमेकडे ४. त्या नियमाने बरेच कोवळे नर वाचले. पण नियम शिंगं मोजतो, वय नाही, आणि चांगल्या चाऱ्यावर वाढलेला दीड वर्षाचा नर त्यातूनही सुटत नाही. तिथे नजरच लागते.

याच संदर्भात एक हट्टी समज आहे: दोनच सरळ काट्यांचा नर दिसला की मारून टाका, त्याचा वंश खराब आहे. मला तो अजिबात पटत नाही. उशिरा जन्मलेल्या किंवा उपाशी वाढलेल्या नराला पहिल्या वर्षी काटेच फुटतात, आणि पुढे त्याला उत्तम शिंगं येऊ शकतात. शिवाय पुढच्या पिढीचा निम्मा वंश माद्यांकडून येतो, आणि माद्यांच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. मोकळ्या रानात बाणाने वंशसुधारणा करता येत नाही. काटेवाला नर घ्यायचा असेल तर मांसासाठी खुशाल घ्या, पण कळपावर उपकार केला असं समजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कळपाच्या हिशोबाने योग्य ठरलेलं हरीण त्या क्षणी घेण्याजोगं असेलच असं नाही. बंदुकीची गोळी धक्क्यानेही मारते. बाण पात्याने कापून, रक्तस्रावाने मारतो. तो दोन्ही फुप्फुसांतून गेला तर हरीण काही सेकंदांत कोसळतं. ते लक्ष्य जेमतेम आठ ते दहा इंचांचं. हरीण पूर्ण आडवं उभं असेल, किंवा थोडं पलीकडे तोंड करून असेल, तर बाणाची वाट मोकळी असते. तोंड तुमच्याकडे असेल तर मध्ये छातीचं हाड आणि खांद्याचा फरा येतो, बाण अडतो किंवा एकाच फुप्फुसाला लागतो. असं जखमी हरीण मैलभर जाऊ शकतं आणि सापडत नाही. समोरून येणारा कितीही मोठा नर असो, तो अजून तुमचा नाही. त्याला वळू द्या. नाही वळला, तर जाऊ द्या.

उंच मचाणाखाली अगदी जवळ उभं असलेलं हरीणही सोपं नसतं. कोन इतका तिरपा होतो की वरच्या बाजूचं एकच फुप्फुस हाती लागतं. आणि चित्त? कान ताठ, पाय आपटणारी मादी वीस यार्डांवर असली तरी तिला घेऊ नका. हिशोब असा आहे: बाण सेकंदाला सुमारे २८० फूट जातो, आवाज ११०० फूट. तीस यार्डांवर दोरीचा आवाज बाणाच्या पाव सेकंद आधी पोचतो. सावध हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडून अंग खाली टाकतं, आणि नेम फुप्फुसांचा असला तरी बाण पाठीवरून जातो किंवा वर कुठेतरी रुततो. डोकं खाली घालून ओकची फळं खाणारं हरीण वेगळं. म्हणून चार हरणांतलं तुमचं कोणतं, याचं उत्तर बरेचदा असं येतं: जी प्रौढ मादी आडवी, निवांत, मोकळ्या वाटेत उभी आहे आणि जिच्या मागे दुसरं हरीण नाही ती. बाण आरपार जातो, हे मागच्या हरणाचा विचार करताना विसरू नका.

आजारी हरणाबद्दल थोडक्यात. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला आणि २००२ मध्ये विस्कॉन्सिनात आढळला. हाडं दिसणारं, लाळ गळणारं, माणसाला न बुजणारं हरीण दिसलं तर दया म्हणून बाण सोडू नका आणि हात लावू नका, विभागाला कळवा. रोग असलेल्या भागात निरोगी दिसणाऱ्या हरणाचीही तपासणी करून घ्या. निकाल येईपर्यंत मांस वेगळं ठेवा, आणि रोग निघाला तर खाऊ नका. साध्या लंगड्या हरणाची गोष्ट वेगळी. तीन पायांवर कित्येक हरणं नीट जगतात.

हरीण हाती आलं की माझ्या ओळखीचे चांगले शिकारी एक गोष्ट करतात. जनावराला हात लावण्याआधी आपला वयाचा अंदाज वहीत लिहितात आणि मग खालचा जबडा उघडतात. सेव्हरिंगहाउस या न्यूयॉर्कच्या अभ्यासकाने १९४९ मध्ये दातांवरून वय ओळखण्याची पद्धत मांडली, ती अजून वापरात आहे. पुढून तिसरी दाढ तीन उंचवट्यांची असेल तर ती दुधाची, म्हणजे हरीण साधारण दीड वर्षापर्यंतचं. ती पडून दोन उंचवट्यांची आली असेल तर त्याहून मोठं. पुढचं वय झिजेवरून: दाढेवरचा तपकिरी पट्टा शेजारच्या पांढऱ्या कडेपेक्षा जितका रुंद, तितकं वय जास्त. अशा नोंदी विभागाकडे गोळा होतात तेव्हा कळपात कोणत्या वयाची किती हरणं आहेत हे कळतं, आणि पुढच्या वर्षीचे टॅग ठरवताना त्यांचा उपयोग होतो.

उकळून स्वच्छ केलेले काही जबडे मी बरोबर आणले आहेत. एक पाडसाचा, एक दीड वर्षाच्या नराचा, आणि बाकीचे माद्यांचे, वेगवेगळ्या वयांचे. टेबलावर मांडलेत, वयाच्या चिठ्ठ्या खाली उलट्या ठेवल्या आहेत. आधी हातात घेऊन अंदाज करा, मग प्रश्नांकडे वळू.