डाव्या अंगठ्यावरची गाडी

(दृश्य – पहाट. हँडलवर एक हात, कॅमेरा अगदी जवळ.)

हा अंगठा बघा. डाव्या हाताचा आहे, आमच्या आण्णांचा. त्याच्याखाली काळी पट्टी दिसतेय ना, ती दाबली की गाडी पुढं जाते, सोडली की थांबते. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपांच्या भागात, सहा आठवडे चकरा मारल्यात म्हटलं तर खरं वाटणार नाही.

आण्णा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं. रिटायर झाल्यावर त्यांचा नेम एकच, गंगावेशीतला दूधकट्टा. तिथं म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून ग्लास हातात देतात, तो फेसासकट उभ्या उभ्या प्यायचा आणि घरचं दूध किटलीत घेऊन यायचं. मग दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजव्या बाजूला. हात गेला, पाय ओढत चालायला लागले आणि बोलणं पण अडकलं, म्हणजे कळतं सगळं पण तोंडातून एका वेळी एकच शब्द निघतो, आणि तो बहुतेक वेळा "नको" असतो.

व्हीलचेअर आणली. नको. आमच्या पेठेतल्या बोळात गटारीवरच्या फरश्या हलतात, प्रत्येकाच्या दारापुढचा उतार वेगळा, त्यामुळं मागून ढकलायला माणूस लागतोच, आणि पन्नास माणसं मागं बसवून घाट उतरलेल्या माणसाला कुणीतरी ढकलत न्यायचं हे त्यांना काय झेपलं नाही. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशन कंपनीची निओबोल्ट मी त्यांना मोबाईलवर दाखवली, व्हीलचेअरला पुढून जोडायचं मोटरचं चाक, २०२० मध्ये आलं तेव्हा ५५,००० किंमत होती, चांगली वस्तू आहे. पण मागं दिसत होती परत खुर्चीच. नको.

मग शेजाऱ्यांची लो-स्पीड इलेक्ट्रिक स्कूटर दिसली, बॅटरी मेलेली, जिन्याखाली धूळ खात पडलेली. ह्या गाडीची मोटर २५० वॅटच्या आत आणि स्पीड ताशी २५ किलोमीटरच्या आत, म्हणून तिला पासिंग लागत नाही, लायसन्स लागत नाही. मोठी पासिंगवाली गाडी असती तर असा बदल करायला आधी आरटीओची परवानगी घ्यावी लागते. १२,००० ला सौदा ठरला. आण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर हात आपटला आणि म्हणाले, "बघू." दोन वर्षांत "नको" सोडून आलेला पहिला शब्द, मी तर तिथंच पैसे दिले.

(दृश्य – उद्यमनगर, वेल्डिंगच्या ठिणग्या.)

अडचण नंतर कळली. तुमची कुठलीही टू-व्हीलर बघा, अ‍ॅक्सिलरेटर उजव्या हाताला. आणि आण्णांचा उजवा हात तर मांडीवर पडलेला.

मिस्त्री म्हणाले सोपं हाय. अ‍ॅक्सिलरेटरच्या ह्या मुठीतून तीनच वायरी येतात, एकीतून ५ व्होल्ट आत जातात, एक ग्राउंड, आणि तिसरीतून सिग्नल कंट्रोलरला, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या डब्याला जातो, जितकी पिळाल तितका व्होल्टेज वाढतो. म्हणजे केबल नाही, चॉक नाही, काही ओढायचं नाही. त्यांनी सरळ उजवी मूठ काढून डाव्या टोकाला बसवली. आणि ती उलटी झाली! उजवीकडं मूठ आपल्याकडं पिळली की गाडी पळते, तीच डावीकडं लावली की पुढं ढकलल्यावर पळते. तुम्ही म्हणाल सवय होईल की. पण ब्रेक दाबला की अंग पुढं जातं, अंगाबरोबर हात पुढं जातो, हाताबरोबर मूठ, म्हणजे माणूस थांबायला बघतोय आणि गाडी पळायला बघतेय. मिस्त्रींनी स्वतः चालवून बघितली, समोरच्या पत्र्याच्या ढिगात गेले, परत आले आणि काही न बोलता मूठ काढून टाकली. तिथं हा अंगठ्याचा थ्रॉटल आला, सुरुवातीला दाखवली ती काळी पट्टी.

ब्रेकचं पण तेच. दोन्ही ड्रम ब्रेकच्या केबली एका डाव्या लिव्हरवर आणल्या, लिव्हर दाबली की मोटरचा करंट तुटतो ही सोय स्कूटरमध्ये असतेच, ती मात्र जपून ठेवली. कारण एकाच हातानं पळवायचं पण आणि थांबवायचं पण, अंगठा चुकून दाबलेला राहिला तरी गाडी थांबलीच पाहिजे. शिवाय लिव्हरला खटका बसवला, उतारावर गाडी अडकवून ठेवायला.

साइड व्हील तयार मिळतात, अपंगांच्या गाड्यांना लावतात तीच. लावली, रस्त्यावर आणली, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडी लटकली. बाजूची दोन चाकं उंचवट्यावर टेकली, मधलं मोटरचं चाक हवेत, ते गरगर फिरतंय आणि गाडी जागच्या जागी. आण्णा माझ्याकडं बघायला लागले, मी मिस्त्रींकडं, आणि मागं रिक्षावाला हॉर्न मारतोय. मग साइडच्या चाकांना स्प्रिंग लावल्या, आता ती चाकं वर-खाली होतात आणि मागचं चाक जमीन सोडत नाही.

रुंदीवरून भांडण झालं ते वेगळंच. आमचं दार अरुंद, म्हणून मी म्हटलं चाकं आत घ्या. मिस्त्री म्हणाले आत घेतली की वळणावर उलटणार, कारण साधी स्कूटर वळताना कलते, ही कलत नाही, सगळा जोर बाहेरच्या चाकावर येतो. शेवटी चाकं तशीच राहिली आणि गाडी शेजाऱ्यांच्या ओट्याखाली उभी राहायला लागली, तिथंच चार्जिंगला.

खरं काम म्हणजे गाडीचा वेग मारणं. मोटर, बॅटरी ह्यात डोकं घालणारे पुष्कळ भेटतात, पण विकतची प्रत्येक वस्तू पळण्यासाठी बनवलेली असते आणि आपल्याला ती चालवायची असते चालणाऱ्या माणसाच्या जोडीनं. इंग्लंडात असल्या गाड्यांना फुटपाथवर ताशी ४ मैलांची मर्यादा आहे, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर, आणि रस्त्यावर ८ मैल. आम्ही कंट्रोलरमधून वेग दाबून मोबाईलच्या जीपीएसवर आठ किलोमीटरला आणला. आण्णा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. एक शब्दसुद्धा नाही.

(दृश्य – उजवा पाय, रबरी तळ, पट्टा.)

उजव्या पायाला जाण नाही, तो घसरून खाली फरफटला तर कळणारसुद्धा नाही, म्हणून टाचेला कप आणि वरून वेल्क्रो. घट्ट पट्टा नको हे फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलं, गाडी कलंडली तर पाय सुटला पाहिजे. त्यांनी अजून एक केलं, आण्णांना समोर बघायला लावून बाजूनं बोटं हलवली, कारण लकव्यात कधी कधी एका बाजूचं दिसणंच जातं आणि माणसाला ते कळत नाही. दिसत होतं. नसतं दिसलं तर हा व्हिडिओ झाला नसता, गाडी विकून टाकली असती.

खर्च सांगतो, सगळे तेच विचारतात. गाडी १२,०००, लेड-अ‍ॅसिडच्या चार नवीन बॅटऱ्या १०,५००, स्प्रिंगसकट साइड व्हील ७,०००, थ्रॉटल आणि लिव्हर ९००, वेल्डिंग आणि सीट ३,५००. झाले ३३,९००. लिथियम हलकी पडते, पण मिस्त्रींचं म्हणणं वजन खाली असलेलंच बरं, गाडी बसून राहते.

आणि हे काय आम्हीच पहिल्यांदा केलं असं नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत, मिशिगनमध्ये, अ‍ॅलन थीम नावाच्या प्लंबिंगचं काम करणाऱ्या माणसानं घरच्या आजारी माणसासाठी अशीच बॅटरीवरची गाडी बनवली, तिचीच पुढं अमिगो नावाची कंपनी झाली. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "प्लंबर व्हता? मग वेल्डिंग कुणी केलं?"

(दृश्य – बोळ. गाडी लांबून येतेय, हँडलला किटली.)

आजचा अकरावा दिवस. पहिले दहा दिवस मी मागून चालत जायचो, आज आईनं मला दारातच थांबवलं. सव्वासहाला गेले, सात वाजून गेले तरी पत्ता नाही, आई दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. हे बघा, आले. खटका लावला. टक.

आई किटलीचं झाकण उघडून बघते. "अवो, निम्मंच हाय की ह्यात. बाकीचं कुठं गेलं?"

आण्णांच्या मिशीला अजून फेस आहे.

"सांडलं."