परडसिंग्याच्या वीस हजार ओळी

(दृश्य: नागपूरचा कळमना बाजार, पहाट. संत्र्यांनी भरलेल्या गाड्या, लिलावाचा गलका.)

आंबिया बहाराचा माल उतरायला लागला की कळमन्यात पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. काटोल, नरखेड, कळमेश्वरची संत्री. अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीकडचीही. लिलाव झटपट आटोपतो. शेतकरी खोळंबतो तो पट्टीसाठी. किती माल गेला, काय भाव मिळाला, हमाली-तोलाई किती कापली आणि हातात किती येणार, हे सगळं त्या एका कागदावर असतं. हा कागद आता अडत्याच्या संगणकातून निघतो, आणि तो अडला की गाडी अडते, गाडीवाल्याचं भाडं चढतं.

(दृश्य: गायत्रीनगरातलं आयटी पार्क. एका लहानशा ऑफिसातली खोली, स्पीकरवर फोन.)

"भाऊ, पट्टी निघूनच नाही राहिली ना. कास्तकार उभा आहे माह्यासमोर."

असा फोन आला की पहिला सल्ला बहुतेक ठिकाणी एकच मिळतो: सर्व्हर लहान पडतोय, मोठा घ्या. दुसरा सल्ला: एखादा इंडेक्स, म्हणजे हवी ती ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची, टाकून बघा. दोन्ही कधी कधी लागू पडतात. पण या सगळ्या नोंदी सांभाळणारा डेटाबेस नेमका कशापायी रखडला हे तो स्वतःच सांगत असतो, आणि ते ऐकण्याआधी पैसे खर्च करणं आम्हाला पटत नाही.

(दृश्य: स्क्रीनवर पोस्टग्रेस. एक ज्येष्ठ अभियंता, शेजारी नवा मुलगा.)

"इंडेक्स टाकू का, ताई?"

"थांब. आधी कोण वेळ खातंय ते तर पाहू."

पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि त्यात पीजी स्टॅट स्टेटमेंट्स नावाचं एक एक्स्टेन्शन, म्हणजे जोडसोय, आहे. कोणती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, किती वेळा चालली आणि एकूण किती वेळ खाल्ला, याचा हिशेब ते ठेवतं. इथे सरासरीपेक्षा एकूण वेळेकडे बघायचं असतं. एक क्वेरी ४ मिलिसेकंदांत संपते, म्हणून तिच्याकडे कुणी पाहतच नाही. पण तीच ९ लाख वेळा चालली तर डेटाबेसचा अख्खा तास तिच्यात जातो. बहुतेक वेळा असं होतं ते प्रोग्रॅममुळे. यादी एकदा मागवली जाते आणि मग यादीतल्या प्रत्येक नावासाठी पुन्हा वेगळी विचारणा होते. तिथे दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये करायची, डेटाबेसला हात लावून उपयोग नाही.

इथे मात्र तसं नव्हतं. एकच क्वेरी होती आणि ती एकटीच रेंगाळत होती: परडसिंगा गावच्या शेतकऱ्यांची आवक, त्यांच्या पावत्या आणि चुकती केलेली रक्कम.

(दृश्य: एक्सप्लेन अॅनालाइझचा निकाल, जवळून.)

एक्सप्लेन अॅनालाइझ ही आज्ञा क्वेरी खरोखर चालवते आणि ती कशी चालली ते पायरीपायरीने दाखवते. खरोखर चालवते, हे विसरू नका. ओळी बदलणारं अपडेट किंवा पुसणारं डिलीट तपासायचं असेल तर ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पक्का किंवा एकत्र रद्द होणारा व्यवहार, उघडून चालवा आणि शेवटी रोलबॅक करा, म्हणजे तो रद्द करा.

प्रत्येक पायरीसमोर दोन कंस दिसतात. पहिल्यात क्वेरी चालण्याआधी प्लॅनरने, म्हणजे ती कशी चालवायची ते ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाने, बांधलेला अंदाज असतो, दुसऱ्यात प्रत्यक्ष घडलेलं. बघणारे बरेचदा नुसती वेळ बघतात. ताईंचं बोट गेलं ते ओळींच्या आकड्यावर. अंदाज २००. प्रत्यक्ष २०,०००.

हा शंभरपटीचा फरक हेच दुखणं आहे. बाकीचं सगळं त्याच्यामागून आलं. आवकेच्या २०० च ओळी निघतील असं धरून प्लॅनरने नेस्टेड लूप निवडला. म्हणजे आवकेची एक ओळ घ्यायची, तिची पावती शोधायची, पुन्हा पुढची ओळ, पुन्हा शोध. मुनीमाने प्रत्येक नावासाठी जागेवरून उठून कपाटातली वही काढावी, तसं हे काम. दोनशे नावांना ते परवडतं. वीस हजार नावांना सगळ्या वह्या एकदाच समोर मांडून बसणं बरं, आणि हॅश जॉइन ही दुसरी पद्धत नेमकं तेच करते.

खालच्या पायरीवर वेळ लिहिली होती ०.९ मिलिसेकंद. मुलगा म्हणाला, "ही तर एकदम फास्ट आहे." पण तिच्यापुढे लूप्स लिहिलं होतं २०,०००, आणि ही वेळ एका फेरीची सरासरी असते. गुणाकार करा: १८ सेकंद. प्लॅन वाचताना सर्वात जास्त फसगत इथेच होते. म्हणून आम्ही हा आकडा पडद्यावर थोडा जास्त वेळ ठेवतो आहोत.

(दृश्य: पडद्यावर तीन अटी: जिल्हा नागपूर, तालुका काटोल, गाव परडसिंगा.)

पण २०० हा आकडा आला कुठून?

टेबलात १ कोटी ओळी आहेत असं धरा. त्यातल्या २० टक्के नागपूर जिल्ह्याच्या, ५ टक्के काटोल तालुक्याच्या, ०.२ टक्के परडसिंग्याच्या. हे तिन्ही आकडे प्लॅनरला बरोबर माहीत आहेत. तो त्यांचा गुणाकार करतो. १ कोटीचे २० टक्के २० लाख, त्याचे ५ टक्के १ लाख, त्याचे ०.२ टक्के २००. प्रत्येक अट स्वतंत्र आहे असं तो गृहीत धरतो. परडसिंगा म्हटलं की काटोल तालुका आणि नागपूर जिल्हा आलेच, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. डेटाबेसला ते कुणी सांगितलेलंच नाही.

हे गृहीतक जुनं आहे. १९७० साली संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याची पद्धत, मांडलं. त्यातून पुढे वाट निघाली ती अशी, की काय हवं ते माणसाने सांगावं आणि ते कसं आणायचं ते यंत्राने ठरवावं. हे 'कसं' खर्चाच्या अंदाजावरून ठरवण्याची रीत १९७९ साली पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी सिस्टिम आर या तिथल्या प्रायोगिक डेटाबेसच्या प्रकल्पावरच्या निबंधात लिहून ठेवली. दोन अटी 'आणि'ने जोडल्या असतील तर त्यांच्या प्रमाणांचा गुणाकार करावा, आणि कॉलम एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं यात गृहीत धरलेलं आहे, हेही त्यांनी तिथेच नोंदवलं. इतक्या वर्षांनीही बहुतेक डेटाबेस मुळात त्याच वाटेने जातात. त्या निबंधाबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. आपलं गृहीतक इतक्या उघडपणे सांगणारं लिखाण नेहमी सापडत नाही.

(दृश्य: ताई आज्ञा टाइप करतात.)

उपाय दोन ओळींचा आहे. पोस्टग्रेसच्या १०व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही आज्ञा मिळते. जिल्हा, तालुका आणि गाव हे तीन कॉलम एकमेकांवर अवलंबून आहेत, त्यांची एकत्र आकडेवारी ठेव, असं तिने सांगायचं. मग त्या टेबलावर नुसतं अॅनालाइझ चालवायचं; ही आज्ञा वेगळी, ती टेबलाची आकडेवारी नव्याने गोळा करते. तसं केल्यावर अंदाज वीस हजारांच्या आसपास आला आणि प्लॅनरने आपणहून हॅश जॉइन घेतला. इंडेक्स एकही वाढला नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण इंडेक्स फुकट मिळत नाही. आवकेची प्रत्येक नवी नोंद त्यातही लिहावी लागते, आणि बहारात नोंदींचा लोंढाच येतो.

इंडेक्स असूनही वापरला जात नाही, ही तक्रारही नेहमीची. कॉलमलाच फंक्शन गुंडाळलेलं असेल, उदाहरणार्थ वेळेच्या कॉलमातून तारीख काढून तिची तुलना केली असेल, तर साधा इंडेक्स कामाला येत नाही. अट 'या वेळेपासून त्या वेळेपर्यंत' अशी लिहिली की येतो.

(दृश्य: दुसरी स्क्रीन. चालू जोडण्यांची यादी.)

कधी प्लॅन चांगला असतो, तरी काम पुढे सरकत नाही. तेव्हा क्वेरी चालत नसते, कुणाची तरी वाट बघत असते. चालू जोडण्या दाखवणारं पीजी स्टॅट अॅक्टिव्हिटी उघडा. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असं लिहिलेली जोडणी म्हणजे कुणीतरी ट्रान्झॅक्शन उघडलं आणि तसंच सोडून दिलं. तिने टेबलावर धरलेली कुलुपं, म्हणजे लॉक, सुटत नाहीत. अशा वेळी त्याच टेबलाची रचना बदलायला कुणी अल्टर टेबल ही आज्ञा चालवली तर ती रांगेत थांबते, आणि तिच्यामागे साध्या वाचणाऱ्या क्वेरीही तुंबतात. म्हणून रचना बदलण्याआधी लॉक टाइमआउट, म्हणजे कुलुपासाठी किती वेळ थांबायचं याची मर्यादा, लावायचाच. कोण कुणाला अडवतंय ते पीजी ब्लॉकिंग पिड्स हे फंक्शन सांगतं.

(दृश्य: कॅलेंडर, ऑक्टोबर महिना. टेबलाची सेटिंग्ज.)

राहिला प्रश्न आकडेवारी ताजी ठेवण्याचा. ठरलेल्या सेटिंगप्रमाणे अॅनालाइझ टेबलातल्या ३०,००० ओळींचा नमुना घेतं आणि त्यावरून पुढचे सगळे अंदाज बांधले जातात. ते आपोआप चालतं, पण टेबलातल्या १० टक्के आणि वर ५० ओळी बदलल्यावर. १ कोटीच्या टेबलात याचा अर्थ १० लाख ५० ओळी. दिवसाला काही हजार नोंदी येत असतील तर तो टप्पा यायला महिनोन् महिने जातात. तोवर या आठवड्यातल्या तारखा आकडेवारीत नसतातच, आणि 'परवापासूनची आवक' शोधताना अंदाज पुन्हा घसरू शकतो. त्यामुळे ताईंनी एकट्या आवकेच्या टेबलापुरतं हे प्रमाण १० टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं. आता पन्नास हजारांच्या आसपास ओळी बदलल्या की नमुना नव्याने घेतला जातो. एखाद्या दिवशी आवक फारच वाढली तर भर दुपारी हाताने अॅनालाइझ चालवलं तरी बिघडत नाही. ते चालू असताना टेबल वाचता येतं, त्यात लिहिताही येतं, आणि तिकडे कळमन्यात पट्ट्या निघत राहतात.