आधी लोशचा बुरूज, शांबोर शेवटी

श्रोतेहो, फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यात जायचं ठरलं की बहुतेकांच्या यादीत पहिलं नाव शांबोरच्या महालाचं असतं आणि दुसरं शनोंसोच्या महालाचं. ही दोन्ही नावं यादीच्या तळाशी न्या, एवढंच सांगायला मी आज उभा आहे. सुरुवात पडक्या वास्तूंपासून करा. धडधाकट महाल आपलं बांधकाम गिलाव्याआड आणि गालिच्याखाली लपवतो. अवशेषात मात्र सगळा सांगाडा उघडा असतो, आणि एकदा तो वाचता आला की पुढचे महाल आपोआप उलगडतात.

सोबत छोटी दुर्बीण आणि विजेरी घ्या, आणि आंद्र नदीकाठच्या लोश या गावी जा. तिथला बालेकिल्ला, ज्याला फ्रेंच लोक दोंजों म्हणतात, सुमारे 36 मीटर उंच आहे. भिंतीत राहून गेलेल्या लाकडाच्या वलयांवरून त्याचं बांधकाम 1013 ते 1035 या काळातलं ठरलं. त्याआधी तो बराच अलीकडचा मानला जाई. बांधणारा आंजू प्रांताचा काउंट, म्हणजे सरदार, फुल्क नेरा. आत पाऊल टाकलं की ना मजले, ना छप्पर. चारी बाजूंना भिंती आणि वर आकाश. इथे घाईने वर चढू नका. मध्यभागी उभं राहून आधी भिंती वाचा.

भिंतीत दोन प्रकारची छिद्रं दिसतील. एकाच पातळीवर, फक्त आतल्या बाजूला, मोठी आणि जवळजवळ असतील ती तुळयांची. तिथे मजला होता. लहान, चौकोनी, ठरावीक अंतरावर एकावर एक ओळींनी वर जाणारी आणि बाहेरच्या अंगालाही दिसणारी असतील ती परांचीची, म्हणजे गवंडी ज्यावर उभे राहत त्या तात्पुरत्या लाकडी मचाणाची. गवंडी तेवढी उंची चढले की परांची वर सरकवत. या दोहोंत गल्लत झाली की माणूस नसलेले मजले मोजत बसतो. मग भिंतीतल्या शेकोट्या शोधा. अधांतरी लटकलेली शेकोटी दिसली की समजा, तिथे राहता मजला होता. तळमजल्याला उजेड जवळजवळ नाही, कारण तो कोठार होता. प्रवेश वरून होत असे.

लोशचे कोपरे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे शिनोंला त्यांची गरज पडते. चौकोनी बुरुजाचा कोपरा ही त्याची दुखरी जागा. वरच्या पहारेकऱ्याला कोपऱ्याच्या पायथ्याशी काय चाललंय ते दिसत नाही, आणि शत्रूने तिथे भुयार खणून दगड काढले की दोन भिंती एकदम जातात. व्हिएन नदीवरचा शिनोंचा किल्ला फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्ट याने 1205 मध्ये जिंकला. त्यानंतरचा कूद्रे बुरूज पाहा. तो गोल आहे. कोपराच नाही, त्यामुळे आडोसाही नाही. दोन बुरुजांत पावणेदोनशे वर्षांचं अंतर आहे, आणि वेढ्याच्या युद्धशास्त्राचा अख्खा धडा त्यात आहे. याच कूद्रे बुरुजात 1308 मध्ये टेंपलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाचे प्रमुख कैदेत होते.

शिनोंला एक भिंत चुकवू नये. 1429 मध्ये इंग्रजांविरुद्ध लढलेली तरुणी जोन ऑफ आर्क फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सला भेटली ती जागा म्हणून जो मोठा दिवाणखाना दाखवतात, त्याची फक्त एक टोकाची भिंत उरली आहे. तिच्यावर, डोक्याच्या बरंच वर, एक शेकोटी लटकते. लोश पाहिलेला माणूस तिथे थबकतो. बाकीचे फोटो काढून पुढे जातात.

आता दगडाविषयी. सह्याद्रीतल्या बेसॉल्टची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना इथला पांढरा तुफो विलक्षण मऊ वाटतो. हा चुनखडक खाणीतून ओला निघतो तेव्हा करवतीने कापता येतो. त्यातली जवळजवळ निम्मी जागा सूक्ष्म पोकळ्यांची असते. म्हणून त्यावर नाजूक कोरीवकाम जमतं, आणि म्हणूनच तो पाणी पितो. जुन्या चुन्याच्या सांध्यांतून ते पाणी बाहेर पडतं. सांधे सिमेंटने भरले की ते दगडातच अडकतं आणि दर्शनी थर पापुद्र्यासारखा सुटतो. सोम्यूरच्या किल्ल्याच्या तटाचा मोठा भाग 2001 साली कोसळला. पांढऱ्या भुकटीचा हात लागला तर समजा, भिंत झिजते आहे. तिला टेकू नका. पावसानंतर झिजलेल्या पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून चांगल्या तळव्याचे बूट हवेत.

अवशेषांकडून महालाकडे वळायला लांजेइतकी सोयीची जागा नाही. एकाच आवारात मागे टेकाडावर फुल्क नेराच्या 10व्या शतकाच्या अखेरच्या दोंजोंची पडकी भिंत आहे, आणि पुढे राजा अकराव्या लुईने 1465 मध्ये सुरू केलेला शातो, म्हणजे किल्लेवजा महाल. शातोची गावाकडची बाजू उचलता पूल आणि बुरुजांनी भरलेली, पुरती लढाऊ. अंगणात शिरा आणि मागे वळा. तीच इमारत मोठ्या खिडक्यांचं घर होते. इंग्लंडशी चाललेलं शंभर वर्षांचं युद्ध 1453 मध्ये संपलं होतं, तोफा आल्या होत्या, उंच भिंतींची मातब्बरी कमी होत चालली होती. इथेच 6 डिसेंबर 1491 रोजी राजा आठव्या चार्ल्सचं ब्रतान्य प्रांताच्या अ‍ॅनशी लग्न झालं.

व्यवस्थेचं थोडक्यात सांगतो. मुक्काम तूर शहरात ठेवा. पॅरिसहून वेगवान गाडी सव्वा तासाच्या आसपास घेते, पण पुष्कळ गाड्या तूरला न जाता शेजारच्या सॅं-पिएर-दे-कोरला थांबतात. तिथून जोडगाडीने पाच मिनिटं. लांजे, शिनों, लोश, शनोंसो ही सगळी तूरहून रेल्वेने गाठता येतात. रविवारी गाड्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधी लिहून ठेवा. शनोंसोच्या स्टेशनच्या नावात शेवटी एक्स हे अक्षर जास्त असतं, शातोच्या नावात नसतं. शोधताना गोंधळू नका. शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या वेळेच्या बराच आधी थांबतो. दिवसाला दोनपेक्षा जास्त वास्तू घेऊ नका. चार घेणाऱ्याला संध्याकाळी कुठली शेकोटी कुठे होती ते आठवत नाही.

आता शनोंसो. शेर नदीवरच्या 60 मीटरच्या दालनाकडे सगळे धावतात. तुम्ही आधी अंगणातला एकटा गोल बुरूज पाहा. जुन्या मार्क घराण्याच्या किल्ल्याचा तेवढाच भाग नव्या मालकांनी ठेवला.

आणि सर्वांत शेवटी शांबोर. जवळच्या ब्लुआ शहराहून हंगामात बस असते. राजा फ्रान्स्वा पहिल्याने 1519 मध्ये काम सुरू केलं. दुहेरी नागमोडी जिन्याने वर जाण्याआधी आवारात थोडं दूर उभं राहून आराखडा पाहा. मधोमध चौकोनी दोंजों, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, भोवती तटाची चौकट. लोशचा चौकोन आणि शिनोंची गोलाई इथे एकत्र आली आहे, पण लढण्यासाठी नाही. मग गच्चीवर जा. तिथे धुराड्यांचं गावच वसलेलं आहे. खाली महालात 282 शेकोट्या आहेत, आणि एकही अधांतरी नाही.