मच्छरदाणी घरात आहे, पण आत कोण झोपतं?

श्रोतेहो, नमस्कार.

मच्छरदाणीचा विषय निघाला की ‘वापरा हो, वापरा’ हा उपदेश ठरलेलाच असतो. आज तो बाजूला ठेवू आणि थोडा हिशेब करू. घरात माणसं किती, मच्छरदाण्या किती, आणि काल रात्री त्यांच्या आत कोण कोण झोपलं होतं?

मलेरिया असलेल्या देशांत घरोघरी जी सर्वेक्षणं होतात, त्यांत नेमकं हेच विचारतात. घरातली एकेक मच्छरदाणी घ्यायची आणि कालच्या रात्री तिच्यात कोण होतं, हे नावानिशी लिहून घ्यायचं. ‘तुम्ही मच्छरदाणी वापरता का?’ असं मोघम विचारलं तर नाही कोण म्हणेल? कालच्या रात्रीबद्दल विचारलं की गोलमाल उत्तर देणं अवघड जातं.

या पाहण्यांतून एक चित्र वारंवार दिसतं. मच्छरदाणी असलेली घरं पुष्कळ, पण मच्छरदाणीत झोपलेली माणसं त्या मानाने कमी. मग लगेच शेरा मारला जातो, ‘दिलं तरी लोक वापरत नाहीत.’ मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब दोन माणसांमागे एक मच्छरदाणी असा आहे. पाच माणसांच्या घरात एकच मच्छरदाणी असेल, तर कागदावर ते ‘मच्छरदाणी असलेलं घर’ झालं. रात्री मात्र दोघं आत आणि तिघं बाहेर. त्या तिघांना निष्काळजी कसं म्हणायचं? आफ्रिकेतल्या अनेक देशांत असं आढळलं आहे, की ज्यांना मच्छरदाणीत जागा मिळते त्यांतले बहुतेक जण तिच्यात झोपतात. म्हणजे आधी तुटवडा आहे, आळस नंतर.

मग बाहेर राहतं कोण? तान्हं मूल आईबरोबर आत जातं, आणि ते योग्यच आहे. २०२३ मध्ये जगभरात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. त्यांतले ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले, आणि तिथे दगावलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं. गरोदर बाईला मलेरिया झाला तर तिला रक्तक्षय होतो, बाळ कमी वजनाचं जन्मतं. तेव्हा पहिला मान या दोघांचा. पण त्यामुळे राहून जातात ती शाळेत जाणारी मुलं. चटईवर, कोपऱ्यात, जागा मिळेल तिथे झोपणारी. जिथे मलेरिया कायमचा मुक्कामाला आहे, तिथे या मुलांच्या रक्तात जंतू असूनही पुष्कळदा ताप येत नाही. मूल हुंदडतं, शाळेत जातं, आणि रात्री त्याला चावलेला डास ते जंतू पुढे नेतो.

हा डास ॲनोफिलीस जातीचा. चावते ती फक्त मादी, आणि तीही मुख्यतः रात्री. तिने मलेरियाच्या रुग्णाचं रक्त प्यायलं म्हणून लगेच दुसऱ्याला रोग देता येत नाही. जंतू तिच्या अंगात वाढून तयार व्हायला साधारण दहा दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. त्याआधी ती मेली तर साखळी तुटली. औषध लावलेल्या मच्छरदाणीची खरी ताकद इथे आहे. झोपलेल्या माणसाच्या वासाने डास येतो, जाळीवर, बहुतेक वेळा वरच्या छतावर, बसतो आणि तिथल्या औषधाने मरतो. गावात पुरेशा घरांनी अशा मच्छरदाण्या लावल्या तर न लावणाऱ्या शेजाऱ्यालाही फायदा होतो. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत मलेरियाचे सुमारे ६६ कोटी रुग्ण टळले, असा एक अंदाज आहे. त्यांतले दोन तृतीयांश मच्छरदाण्यांमुळे. आता नेहमीच्या औषधाला डास बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत, म्हणून दोन औषधं असलेल्या नव्या मच्छरदाण्या आल्या आहेत. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यांची शिफारस केली.

‘उकडतं हो’ ही तक्रार मात्र खरी आहे. जाळीने वारा अडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय डास गुणगुणले की मच्छरदाणी निघते, आणि गुणगुण थांबली की ती घडी होऊन कपाटात जाते. पण चार डासही पुरतात, त्यांतला एक जंतू बाळगणारा असला की झालं.

औषधाची मच्छरदाणी नवी असेल तर एक दिवस सावलीत मोकळी टांगून ठेवा. कडा गादीखाली किंवा चटईखाली सगळ्या बाजूंनी खोचा. पायथ्याची बाजू हमखास सुटते. झोपेत हात-पाय जाळीला टेकणार नाहीत इतकी ती ऐसपैस हवी, कारण टेकलेल्या कोपराला डास बाहेरूनही चावतो. सकाळी ती वर गुंडाळून गाठ मारून ठेवली तर पोरांच्या पायात येऊन फाटत नाही. धुताना साधा साबण आणि थंड पाणी घ्या, आणि वाळत घाला सावलीतच, उन्हाने औषध उतरतं. या मच्छरदाण्या साधारण वीस धुण्यांपर्यंत आणि तीन वर्षं टिकतील अशा बेताने बनवतात, तेव्हा दर आठवड्याला धुवू नका. भोक पडलं तर सुई-दोऱ्याने चार टाके घाला. लगेच टाकून देऊ नका, थोडी फाटली तरी औषध काम करत असतं.

आणि घरात कुणाला थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. तपासणीत मलेरिया निघाला तर औषधाचा कोर्स पुरा करा, आणि त्या काळात त्या रुग्णाला मच्छरदाणीतच झोपवा. त्याला चावलेला डासच घरातल्या पुढच्या माणसाकडे जाणार असतो.

नमस्कार.